श्वानाचा मेंदू आणि एक सूक्ष्म परोपजीवी
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या स्मरणिकेतून आजवर शिष्यवृत्तिनिधी, विवाहातील खर्चास आळा, वसतिगृहाची इमारत, कुलवृत्तान्ताचे काम अशा गंभीर विषयांवर थोरामोठ्यांची व्याख्याने छापली गेली आहेत. त्या मालिकेत कुत्र्याच्या मेंदूवरील व्याख्यान पाहून काही ज्येष्ठांच्या कपाळास आठी पडेल, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. परंतु हा विषय आम्ही आपण होऊन निवडलेला नाही. चालू वर्षीच्या श्रावणात आपल्या वसतिगृहाच्या आवारातील कुत्र्यास रात्री आकडी आली. तोंडास फेस आला, पाय ताठ झाले, आणि शुद्धीवर आल्यावर तो बराच वेळ एकाच बाजूस गोल गोल फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची सभा भरली. कुत्रा पिसाळला आहे, त्यास तत्काळ संपवावे, असे काहींचे मत पडले. मुले रडू लागली म्हणून काहींनी दुसरे मत दिले. निर्णय होईना, तेव्हा अध्यक्षमहाराजांनी आम्हांस बोलावणे धाडले. आणि पुढे म्हणाले की, जे आम्हांस सांगितलेत ते संमेलनात सर्वांना सांगा. आमची हयात गुरांच्या आणि कुत्र्यांच्या दवाखान्यात गेली असल्यामुळे वक्तृत्व आमच्या वाट्यास आलेले नाही. तेवढे सांभाळून घ्यावे.

प्रथम एक गोष्ट निक्षून सांगतो. कुत्र्यास आकडी आली, त्याचे वागणे अकस्मात बदलले, तो खाईनासा झाला किंवा विनाकारण अंगावर येऊ लागला, तर प्रथम संशय पिसाळण्याचाच घ्यावा. आपल्या देशात तो संशय घेणे हेच शहाणपणाचे. त्या रात्री ज्या दोन मुलांनी कुत्र्याच्या तोंडाचा फेस हातांनी पुसला होता, त्यांना आम्ही सकाळी सर्वांआधी सरकारी रुग्णालयात लस टोचून घेण्यास पाठविले, आणि मग कुत्र्याकडे वळलो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून विष जाऊ लागले की साधारणपणे दहा दिवसांच्या आत तो स्वतःच मरतो. म्हणून त्यास जाळीच्या खोलीत दहा दिवस एकटे ठेविले. अकराव्या दिवशी तो जिवंत होता, पोळी खात होता आणि शेपूट हालवीत होता. तेव्हा पिसाळण्याचा प्रश्न मिटला. परंतु मग ती आकडी कशाची, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपणांस जरा दूरवर, ब्राझील देशात नेणे आम्हांस भाग आहे. कारण आमचे या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते तेथील एका घटनेमुळे, आणि ती घटना आमच्याच कुटुंबातील आहे.

आमचे एक पुतणे साखरधंद्यातील अभियंते आहेत. इ. स. २०११ साली ते ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याच्या पश्चिम भागात एका साखर कारखान्यावर नोकरीस गेले. बरोबर सूनबाई आणि पाच वर्षांची कन्या. तो सारा मुलूख उसाचा; आपल्या कोल्हापूर-सांगलीकडील माणसास तेथे फार परके वाटू नये असा. परक्या देशात मुलीस सोबत म्हणून त्यांनी एक पिल्लू पाळले व त्याचे नाव बंड्या ठेविले. वर्षभराने बंड्याच्या डोळ्यांभोवतालचे केस झडू लागले, कातडीवर कोंडा धरू लागला, कानांच्या कडांना जखमा झाल्या, आणि नखे अशी वाढली की फरशीवर चालताना टकटक वाजत. अंग सुकत चालले. आणि एके रात्री त्यास आकडी आली.

पुतण्याने आम्हांस दूरध्वनी केला. "काका, हा पिसाळला तर नाही ना? छोटी रोज त्याच्या गळ्यात पडते." आम्ही जे आता आपणांस सांगितले तेच त्यास सांगितले. परंतु नखांचे व डोळ्यांभोवतीच्या केसांचे वर्णन ऐकताच आमच्या मनात दुसरेच नाव आले. तेथील पशुवैद्याने रक्त तपासले, आणि ते नाव खरे ठरले. तो रोग म्हणजे आपल्या बिहार-बंगालात ज्यास 'काळा आजार' म्हणतात, त्याचाच सख्खा भाऊ होय.

या रोगाची जन्मकथा आपल्याच देशाशी निगडित आहे. कलकत्त्यानजीकच्या डमडम छावणीतून आजारी होऊन इंग्लंडास परतलेला एक सैनिक इ. स. १९०० मध्ये नेटली येथील लष्करी रुग्णालयात मरण पावला. त्याच्या प्लीहेत विल्यम लिशमन यांस काही सूक्ष्म गोल कण दिसले. त्यांनी ते इ. स. १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासेत चार्ल्स डोनोव्हन यांनाही तसेच कण आढळले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून त्या जंतूस 'लिशमानिया डोनोव्हानी' असे नाव दिले. त्यावर औषध शोधून काढले ते कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी. त्यांच्या 'युरिया स्टिबामीन'ने १९२० नंतरच्या काळात आसाम-बंगालात असंख्य प्राण वाचले. आणि हा जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोडे इ. स. १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून सोडविले. उत्तर होते वाळूमाशी. ही माशी दोन-तीन मिलिमीटरांची, डासाहूनही लहान, केसाळ पंखांची, न गुणगुणता टुणटुण उड्या मारीत येणारी. ती पाण्यात वाढत नाही. ओलसर माती, पालापाचोळा, शेणकचरा, कोंबड्यांची खुराडी, भिंतींच्या भेगा हे तिचे माहेर. आपल्या विदर्भातील मंडळींना हिची ओळख वेगळ्या कारणाने आहे. नागपूरजवळील चांदीपुरा गावाचे नाव मिरविणारा जो विषाणू १९६५ साली सापडला, व ज्याने पुढे २००३ मध्ये आंध्र व महाराष्ट्रात मुलांच्या मेंदूस सूज आणून कित्येक घरे उजाड केली, तो पसरविण्याचा आरोपही याच माशीवर आहे. तो विषाणू आणि हा जंतू यांचा परस्परांशी काही संबंध नाही. वाहन मात्र एकाच जातीचे.

असो. भारतात काळा आजार माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडे जातो. कुत्र्याचा त्यात वाटा मानला जात नाही. भूमध्यसमुद्राच्या काठी मात्र प्रकार निराळा. इ. स. १९०८ मध्ये ट्यूनिस येथे शार्ल निकोल यांनी मुलांच्या अशाच आजाराचा अभ्यास करीत असता तेथील कुत्र्यांतही तो जंतू असल्याचे दाखविले. या जातीस 'लिशमानिया इन्फांटम' म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज व स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांच्या कुत्र्यांबरोबर हा जंतूही तिकडे गेला असावा, असे आज मानले जाते. ब्राझीलमध्ये प्रथम तो निराळा समजला गेला आणि त्यास 'चागासी' असे वेगळे आडनावही मिळाले. नंतर कळले की हा पाहुणा जुन्याच घराण्यातील आहे. आपल्या कुलवृत्तान्त समितीसही असे अनुभव येत असतात!

१९५० नंतरच्या दशकात ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा प्रांतात लिओनिदास डीन प्रभृती संशोधकांनी गावोगाव हिंडून माणसे, कुत्री आणि कोल्हे तपासले. त्यांतून हा जंतू कुत्र्याच्या कातडीत विपुल वस्ती करून असतो आणि तेथूनच माशी तो उचलते, हे स्पष्ट झाले. तोवर हा खेड्यापाड्यांचा, गरिबांचा रोग होता. १९८० नंतर तो शहरांत शिरला. पिआवी प्रांताच्या राजधानीत, तेरेझीना येथे, त्याची मोठी साथ झाली. मग तो दक्षिणेकडे सरकत गेला. साओ पाउलो राज्यात आरासातूबा नगरात १९९७ साली ही माशी आढळली, १९९८ मध्ये कुत्र्यांत रोग सापडला, आणि १९९९ मध्ये माणसांत. माशी, श्वान, मनुष्य, हा क्रम आपण ध्यानात घ्यावा. कारण त्या देशाच्या सरकारने पुढे जे धोरण पत्करले त्याचे मूळ या क्रमात आहे. आज लॅटिन अमेरिकेतील या आजाराचे दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण एकट्या ब्राझीलमध्ये असतात. उपचार न झाल्यास माणूस बहुधा दगावतो, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात.

आता मेंदूकडे वळू. आमचे विद्यार्थिदशेतील शिक्षण परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झाले. तेथे आम्हांस शिकविले गेले ते असे, की लिशमानिया हा प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा, गाठी, कातडी आणि मूत्रपिंडे यांचा रोग. कुत्रा बहुतेक वेळा अखेर मूत्रपिंडे निकामी होऊन मरतो. मेंदूचे नावच नव्हते. त्यात गुरुजनांचा दोष नाही. निसर्गाने मेंदूभोवती अशी विलक्षण आडभिंत घातली आहे की, रक्तातील ऐरागैरा पदार्थ तिच्यापलीकडे जात नाही. जुन्या वाड्यात ओसरीपर्यंत कोणीही येई, माजघरापर्यंत नातलग येत, आणि देवघरात मात्र सोवळ्यावाचून कोणास प्रवेश नसे. मेंदू हे शरीराचे तसे देवघर आहे. तेव्हा जंतू ओसरीवर कितीही धुमाकूळ घालो, देवघर सुरक्षित, अशी समजूत होती.

बंड्याची आकडी ऐकल्यावर आम्ही या विषयावरील निबंध मिळवून वाचू लागलो, आणि आमची समजूत ढासळली. स्पेनमधील संशोधकांनी या रोगाच्या कुत्र्यांतील मेंदूची आवरणे व मेंदूतील पाणी पूर्वीच तपासले होते. परंतु सर्वांत चिकाटीचे काम झाले ते आरासातूबा येथेच, साओ पाउलो राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेत. रोगामुळे ज्या कुत्र्यांना मरण द्यावे लागत होते, त्यांचे मेंदू तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे काळजीपूर्वक पाहिले. त्यांना काय दिसले? मेंदूच्या आवरणांत, आणि मेंदूच्या आतील पोकळ्यांत रक्तवाहिन्यांचे जे झुपके असतात, ज्यांतून मेंदूभोवतालचे पाणी पाझरते, त्या झुपक्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली होती. विशेषतः ज्यांस टी-लसिकापेशी म्हणतात त्यांची. मेंदूच्या स्वतःच्या ज्या रखवालदार पेशी असतात त्याही खडबडून जाग्या झालेल्या, फुगलेल्या. दाह भडकविणारी जी रसायने पेशी एकमेकींना निरोप म्हणून धाडतात, त्यांपैकी काहींचे प्रमाण मेंदूत वाढलेले. मेंदूच्या पाण्यात लिशमानियाविरुद्धची प्रतिपिंडे, जी रक्तात असावयाची, ती उतरलेली. थोडक्यात, आडभिंतीला खिंडार पडले होते.

आणि जंतू? येथेच या विषयाची खरी गोम आहे. इतकी धामधूम माजलेल्या त्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बहुधा दिसतच नव्हता. पुढे अतिसूक्ष्म रासायनिक तपासण्यांनी त्याच्या आनुवंशिक द्रव्याचे अंश काही मेंदूंत आढळले. म्हणजे तो किंवा त्याचे अवशेष तेथवर पोचत असावेत. परंतु जेवढा जंतू आहे त्या मानाने दाह फार मोठा. म्हणजे हानी होते ती शत्रूच्या संख्येपेक्षा आपल्याच फौजेच्या गर्दीने. अंगभर महिनोन् महिने चाललेल्या लढाईचा गोंगाट रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो, आडभिंतीचे सांधे सैल होतात, पेशी आत शिरतात, आणि देवघरात जणू पोलिसांचा तळ पडतो. आम्हांस आश्चर्य याचे वाटले की, ज्या कुत्र्यांचे मेंदू असे दाहग्रस्त होते त्यांपैकी पुष्कळांत हयातीत मेंदूचे कोणतेही लक्षण दिसले नव्हते. काहींना मात्र आकडी येई, काहींची मान एका अंगास कलंडे, काही गोल फिरत, काहींचे मागले पाय लुळे पडत.

तेव्हा बंड्याची आकडी याच दाहाची होती काय? आम्ही छातीठोकपणे 'होय' म्हणत नाही. मूत्रपिंडे बिघडून रक्तात साचलेल्या विषानेही आकडी येते, गोचिडांनी दिलेल्या तापांनीही येते, आणि पिल्लांचा जो डिस्टेंपर नावाचा रोग, त्याने तर हमखास येते. बंड्याचा मेंदू कोणी पाहिला नाही.

त्याचे पुढे काय झाले, ते सांगणे आम्हांस सुखाचे नाही. पण सांगितले पाहिजे. ब्राझीलमध्ये त्या काळी असा दंडक होता की, तपासणीत रोगी ठरलेल्या कुत्र्यास वेदनारहित मरण द्यावे. माणसांवर वापरावयाच्या औषधांनी कुत्र्यांवर उपचार करण्यास १९०८ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २००८ सालच्या सरकारी आदेशाने मनाई होती. कारण असे की, औषधाने कुत्र्याची कातडी सुधारते, तो धष्टपुष्ट दिसतो, परंतु जंतू अंगातून समूळ जात नाही. अर्धवट मारलेला जंतू औषधास दाद देईनासा झाला तर उद्या मुलांना काय द्यावयाचे? हा युक्तिवाद पोकळ नव्हता. दुसऱ्या बाजूस तेथील पशुवैद्य व पाळीव प्राण्यांचे धनी म्हणत, की वर्षानुवर्षे कुत्री मारूनही माणसांतील रोग अपेक्षेप्रमाणे कमी झालेला नाही. एक कुत्रा गेला की लोक दुसरे पिल्लू आणतात, माशी तीच, अंगण तेच; काही महिन्यांत तेही रोगी. चाचण्यांतही चूक संभवते, आणि रक्त घेतल्यापासून निकाल येईपर्यंत कुत्रा माशीस रक्त पाजीतच असतो. वाद न्यायालयांपर्यंत गेला. या दोन्ही बाजू आम्हांस तेव्हाही ठाऊक होत्या.

घरोघर हिंडणारी एक आरोग्यसेविका पुतण्याच्या दारी आली. सूनबाईंनी तिला चहा दिला. तिने कागद पुढे केला. त्यावर सही केली की ते लोक येऊन कुत्र्यास नेणार. पुतण्याने दोन दिवसांची मुदत मागितली आणि रात्री आम्हांस विचारले, "काका, तुम्ही सांगाल ते आम्ही करू." घरात लहान मुलगी, अंगणामागे शेजाऱ्याचे कोंबड्यांचे खुराडे, कुत्र्यास आकड्या सुरू झालेल्या, मूत्रपिंडे खालावलेली. औषध कायद्याने मना. आम्ही म्हणालो, "द्या." ही गोष्ट इ. स. २०१२ च्या सप्टेंबरातील. छोटीस सांगण्यात आले की बंड्यास डॉक्टरांनी शेतावर ठेवून घेतले आहे. ती गोष्ट तिने किती काळ खरी मानली, हे आम्ही कधी विचारले नाही.

चार वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच देशाने मिल्टेफोसीन या औषधास कुत्र्यांसाठी परवानगी दिली. हे औषध मूळ कर्करोगाकरिता शोधलेले. आपल्या देशात काळ्या आजाराच्या रुग्णांना पोटात घेण्यासाठी ते २००२ सालीच मान्य झाले होते. त्याने कुत्रा रोगमुक्त होतोच असे नाही. त्याच्या अंगातील जंतूंचा भार उतरतो, माशीस देण्याजोगे त्याच्याजवळ कमी उरते, आणि आयुष्यभर त्याची तपासणी करावी लागते. पुढे २०२१ पासून तेथील सरकार रोगाच्या निवडक गावांत कुत्र्यांना माशी पळविणाऱ्या औषधाचे गळपट्टे वाटू लागले. कुत्र्यांची एक लस तेथे बरीच वर्षे मिळत असे. तिची विक्री २०२३ मध्ये थांबविण्यात आली. बंड्यास २०१६ पर्यंत जगविणे शक्य होते काय? त्याची मूत्रपिंडे पाहता आम्हांस तसे वाटत नाही. परंतु तसे वाटणे आमच्या सोयीचेही आहे, हे आम्ही जाणतो. एक मात्र खरे. आम्ही त्या वेळी त्याच्या आकडीचा अर्थ 'शेवट जवळ आला' असा लावला, आणि त्यायोगे पुतण्याचे मन वळविले. मेंदूतील दाहाविषयी जे आज वाचून सांगतो आहोत, ते तेव्हा आम्ही धड वाचलेले नव्हते. आकडीवर औषध देता येते, काही कुत्र्यांत ती एकदाच येऊन थांबतेही, हे आम्ही त्यास सांगावयास हवे होते. निर्णय कदाचित तोच झाला असता. पण तो त्याचा झाला असता, आमचा नव्हे.

म्हणून श्रावणातील त्या सभेत, जेव्हा मंडळातील एका ज्येष्ठांनी आम्हांस विचारले, "डॉक्टरसाहेब, एका शब्दात सांगा, मारावा की ठेवावा?" तेव्हा आम्ही एका शब्दात उत्तर देण्याचे नाकारले. ते थोडे रागावले. त्यांची क्षमा येथे मागतो.

आता वसतिगृहाच्या कुत्र्याचे. त्यास लिशमानिया नाही. आपल्या भागातील कुत्र्यांत तो असल्याचे मानण्यास कारण नाही, तेव्हा व्याख्यान ऐकून कोणी घरच्या कुत्र्याच्या नखांकडे संशयाने पाहू नये. परंतु त्याच्या डाव्या डोळ्यावर निळसर-पांढरा पडदा आलेला आम्हांस दिसला. पाय किंचित सुजलेले, हिरड्या फिकट, ताप चढ-उतार करणारा. वसतिगृहामागे गोठे आहेत, आणि पावसाळ्यात गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांचा तेथे सुळसुळाट असतो. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला. तांबड्या पेशींच्या गर्दीत चाबकाच्या वादीसारखे वळवळणारे जंतू दिसले. हा 'सर्रा'. ग्रिफिथ इव्हान्स यांनी इ. स. १८८० मध्ये पंजाबात डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात तो प्रथम ओळखला; म्हणून त्याचे नाव 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय'. लिशमानियाचा हा दूरचा चुलतभाऊ. हाही कुत्र्याच्या सर्व अंगात पसरतो, आणि काही कुत्र्यांत मेंदूपर्यंत जाऊन तेथे दाह करतो. तेव्हा कुत्रा गोल फिरतो, धडपडतो, आकडी येते, क्वचित पिसाळल्यासारखाही वागतो. खेड्यापाड्यांत अशी किती कुत्री पिसाळलेली समजून मारली गेली असतील, त्याची गणती कोठे ठेविलेली नाही.

हा जंतू माणसास बाधत नाही, असेच आम्ही शिकलो होतो. मानवी रक्तात एक प्रथिन असते, ते त्यास मारते. परंतु आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील सिवनी गावच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ साली तो सापडला. पुढील शोधात कळले की, ते रक्षक प्रथिनच त्या गृहस्थाच्या अंगात जन्मतः नव्हते. सुरामीन नावाच्या औषधाने ते बरे झाले. ही घटना इतकी विरळा की तिने जगातील वैद्यकाचे लक्ष वेधले. वसतिगृहातील मुलांच्या मातापित्यांनी त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. शिवाय तो जंतू माशीवाटे जातो, कुत्र्यास कुरवाळल्याने नव्हे.

कुत्र्यास आम्ही टोचणी दिली. चौथ्या दिवशी रक्त स्वच्छ झाले, आठवड्याने ताप गेला, डोळ्यावरील पडदा महिन्याभरात विरळ झाला. येथपर्यंत ऐकून आपण टाळ्या वाजवाल, म्हणून आधीच सांगतो, की थांबा. मघाशी ज्या आडभिंतीचे वर्णन केले ती जंतूस जशी अडविते तशी औषधासही अडविते. सर्राची नेहमीची औषधे रक्तातील जंतू मारतात, मेंदूत मात्र फारशी शिरत नाहीत. जे जंतू देवघरात दडून बसले असतील, ते काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा ओसरीवर उतरू शकतात. आणि औषधाची मात्रा मनास येईल तशी वाढविता येत नाही, कारण तिच्या अतिरेकाने औषधच कुत्र्याच्या मेंदूस इजा करते. म्हणून दर पंधरवड्यास आम्ही त्याचे रक्त पाहतो. दुसरी आकडी आश्विनात आली, पहिलीहून सौम्य. त्या वेळी रक्तात जंतू नव्हते. ती उरलेल्या दाहाची की दडलेल्या जंतूची, हे रक्त सांगत नाही. आकडीचे औषध सुरू केले आहे.

मंडळाने वसतिगृहाच्या खर्चात कुत्र्याच्या औषधांसाठी रक्कम धरावी की नाही, हा विषय आजच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नववा आहे. खर्चाचा तपशील आम्ही चिटणिसांकडे दिला असून त्यात आमची फी नाही. मतदानापूर्वी सभासदांना तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. कुत्रा पिसाळलेला नाही, हे निश्चित. तो पूर्ण बरा होईल, हे अनिश्चित. आणि पुन्हा आकडी आल्यास मुलांनी त्याच्या तोंडाजवळ हात न नेता दार ओढून घ्यावे, रखवालदारास बोलवावे आणि घड्याळात किती मिनिटे गेली ते पाहून लिहून ठेवावे. मोठ्या वर्गातील मुलांनी त्यासाठी एक वही केली आहे, आणि तिच्यातील अक्षर आमच्या कित्येक सहव्यवसायिकांपेक्षा चांगले आहे. पुढील रक्ततपासणी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता वसतिगृहाच्या पडवीत होईल. सूक्ष्मदर्शक आम्ही बरोबर आणू. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे.